साडेअकरा बाय सहा

पहिल्यांदा गेला हातमोजा.
म्हणजे गेला नाही, होता तिथेच,
कढीपत्त्याच्या कुंडीवर, उजव्या हाताचा.
फक्त त्याची करंगळी नव्हती.
काठ असा साफ,
जणू शिंप्यानं माप घेऊन कापलेला.

मग झारी : तोटीखाली तीन भोकं, एका ओळीत.
मग वेताच्या खुर्चीची बैठक, मधोमध.
मग कपड्यांची दोरी, हिरवी, नायलॉनची,
दर आठवड्याला नव्या जागी तुटलेली
आणि खाली चिखलात एकही पाऊल नाही.

बाग म्हणजे काय, सांगते.
मुलुंडला, टेकडीच्या अंगाला, बी विंगच्या मागे,
गटाराचं झाकण आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये
साडेअकरा फूट बाय सहा.
नकाशात तिला मोकळी जागा म्हणतात.
तिथे अळू आहे, गवती चहा आहे,
आणि एक हट्टी लिंबू,
नऊ वर्षांत एकदाही न फळलेलं.

सेक्रेटरी बोभाटे म्हणाले, घूस.
घुशीला करंगळी कशाला हवी, मी विचारलं.
ते म्हणाले, वहिनी, मुंबईतली घूस आहे.
वॉचमन शिवपूजन म्हणाला, माकड, जंगलातून उतरतं.
तिसऱ्या मजल्यावरच्या ताम्हाणेबाईंनी
आवाज खाली आणून सांगितलं, करणी.
मग आवाज आणखी खाली आणून :
रिडेव्हलपमेंटच्या कागदावर
अख्ख्या बिल्डिंगीत तुमचीच सही राहिलीय ना?

एका रात्री दिवा मालवून खिडकीशी बसले.
एक वाजता मांजर आलं, बघून गेलं.
दोनला टेकडीवर काहीतरी ओरडलं, एकदाच.
पावणेतीनला डुलकी लागली असणार,
कारण तीनला बाहेर गेले तेव्हा
खुरप्याच्या लाकडी मुठीवर
नव्या खाचा होत्या, बोटांना ऊबदार लागल्या.
किंवा मला तसं वाटलं.
ऊबदार लिहायला नको होतं.

मुलगी फोनवर म्हणाली, आई, वस्तू आत ठेव ना.
हे मला सुचलं नव्हतं असं नाही.
पण सकाळी कडी काढताना
आज काय, असं मनात येणं
या घरात फार दिवसांनी झालं होतं.

म्हणून मग मीच ठेवू लागले.
स्टीलचा डबा ठेवला, त्याला कुणी तोंड लावलं नाही.
जुनी छत्री ठेवली, तिची एक काडी नेली,
एकच, बाकीच्या सात जागच्या जागी.
लग्नातला पाट ठेवायला काढला,
उंबऱ्यापर्यंत नेला, परत आणला.

शेवटी एका गुरुवारी
दिगंबरचे बूट.
गोदीतले, आत लोखंडी टोपी असलेले, नऊ नंबर,
चार वर्षं कपाटाच्या तळाशी, वर्तमानपत्रात.
कुणाला देववत नव्हते, टाकवत नव्हते.
म्हटलं, ने बाबा.
दात असतील तर दातांनी,
कात्री असेल तर कात्रीनं.

सकाळी बूट होते.
नाड्याही होत्या,
त्यानं सोडल्या तशाच, अर्धवट गाठीत.
डाव्यात एक गोगलगाय झोपलेली.
आणि शेजारचं पायपुसणं, काल आणलेलं,
साठ रुपयांचं,
उभं अर्धं.

इतका राग आला, विचारू नका.
पायपुसण्याचा नाही.

गोगलगाय अळवावर ठेवली.
बूट पुसले, ताजा पेपर कोंबला, आत घेतले.
बोभाटे सहीसाठी आले तेव्हा
मी दोरीला गाठ मारत होते, सातवी.
आता ओली चादर सरकवताना
दर गाठीशी थांबावं लागतं,
उचलून पलीकडे न्यावी लागते.
म्हटलं, बसा, पण त्या खुर्चीवर नको.
एवढी एक वाळत घालते.